बेडका तपासणारा

नांदेडच्या एका सरकारी दवाखान्यात खिडकीमागं बसून बेडका तपासणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. डबीत नुसती थुंकी दिसली की तो ती उजेडात धरतो आणि परत देतो. "मामा, छातीतून काढायला सांगा." आवाज कधी चढत नाही, पण मास्कवरचे डोळे कुणाकडं बघतही नाहीत.

माझ्या बायकोचा बेडका त्यानं मशीनमध्ये घातला. दोन तासांनी म्हणाला, "टीबी उलटलाय, मामा. आणि आता जंतू बदललाय. नेहमीची गोळी त्याला लागू होत न्हाई."

"मशीन बिघडली आसंल तुमची!" मी लई ओरडलो.

वाद न घालता त्यानं नवी डबी दिली. पुन्हा तेच निघालं. तेव्हा तो कागद घेऊन पहिल्यांदाच बाहेर आला.

"मागच्या खेपेला गोळ्या मधीच कुणी बंद केल्या?"

ती बरी दिसायला लागली म्हणून मीच केल्या होत्या. डॉक्टरपेक्षा मला जास्त कळतं, असं घरात ठणकावलं होतं. पण चार माणसांत तोंडातून निघालं, "हिनंच."

बाकावर खोकत बसलेल्या बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि होय म्हणून मान हलवली.

त्यानं कागदावरचा त्या प्रश्नाचा रकाना कोराच ठेवला. "दुसऱ्या गोळ्यांनी बरी होईल ना?" मी विचारलं. कागदासाठी मी हात पुढं केला होता. तो मला ओलांडून गेला, आणि अक्षर न येणाऱ्या माझ्या बायकोच्या हातात त्यानं कागद ठेवला.