सुऱ्याच्या डबीवरचा लाल ठिपका

सकाळी मुकुंदवाडीहून वहिनीचा फोन आला, तेव्हा मी माझ्या बास गिटारीच्या तारा पुसत होतो. "दादा, हे उठंनातच हो..." एवढंच ती बोलली. माझा मावसभाऊ सुरेश, आमचा सुऱ्या, झोपेतच गेला होता.

आमचा घरगुती ऑर्केस्ट्रा त्याचाच. हळदी, बारशी, गल्लीतला गणपती. तो गिटार वाजवायचा, सलीमभाई ड्रम, आणि बासवर मी; म्हणजे निदान बास माझ्या गळ्यात असायचा. कार्यक्रमाआधी सुऱ्या माझ्या केबलमध्ये एक लोखंडी डबी जोडायचा. तिच्यातला फिल्टर वरचा किणकिणाट अडवून खालचा घुमार तेवढा पुढं सोडतो. स्वतःच्या गिटारीचं तो उलटं करायचा, खालचा आवाज कापून मला जागा करून द्यायचा. "कसा वाजला रे?" मी दर वेळी विचारायचो. "लई गोल, दादा. कणकेच्या गोळ्यावाणी." हे कौतुक मी सासुरवाडीतही सांगून आलो होतो...

महिन्याभरानं त्याच्या आठवणीत देवळाच्या सभामंडपात वाजवायला बसलो. भावासाठी एकदा जीव ओतून वाजवायचं होतं. डबी मी मुद्दामच लावली नाही; म्हटलं, आज आवाज मोकळा जाऊ दे. आणि तो गेला. घसरलेलं बोट, चुकलेला सूर, सगळं मंडपात लख्ख ऐकू आलं. वहिनी खाली बघत होती. मावशीनं शेजारणीला विचारलं, "हे काय वाजतंय गं?"

गाणं संपताच सलीमभाई पुढं वाकले. "दादा, डबी लगाओ ना."

"का? आज जास्त चुकतोय का मी?"

"उतनाच चुकते जी, हमेशा जितना. सुरेशभाई बोले थे, दादा को बताना नक्को, बजाना छोड़ देंगे."

माझे कान तापले. उरलेली गाणी डबी लावून, मान खाली घालून वाजवली. लोक म्हणाले, आता कसा सुरेशचा ऑर्केस्ट्रा वाटतोय!

वहिनीनं ती डबी मलाच दिली. बटणाशेजारी तिच्याच नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. माझ्या चुका जिथं बुजतात, ती जागा त्यानं नेमकी शोधून ठेवली होती. आता जेवणाआधी मी बटण पूर्ण उघडून सराव करतो. बायको स्वयंपाकघराचं दार लावून घेते. सुऱ्याची फारच आठवण आली की मात्र बटण ठिपक्यावर आणतो... आणि खुशाल चुकतो.