भिंतीतली देवळी

आमच्या गल्लीत भिंत कोणाची, हे कागदावरून कधी ठरलंच नाही. ते देवळीवरून ठरायचं. देवळी म्हणजे भिंतीत कोरलेला लहानसा कोनाडा, दिवा आणि काड्यापेटी मावेल एवढा. जळगाव जामोदच्या जुन्या वस्तीत घरं इतकी खेटून बांधलेली की दोन घरांमध्ये भिंत एकच. पांढऱ्या मातीची, दीड हात जाड, आणि दोन्हीकडच्या धाब्यांची, म्हणजे मातीच्या सपाट छपरांची, लाकडं तिच्यावरच टेकलेली. देवळी ज्याच्या बाजूनं, भिंत त्याची. दोन्हीकडून कोरी असली तर सामाईक, आणि सामाईक भिंतीला शेजाऱ्याला विचारल्याशिवाय कुदळ लावायची नाही. कासार असो, शिंपी असो, मनियार असो, हा कायदा सगळ्यांना मान्य होता. भांडण झालंच तर चार जाणती माणसं घरात यायची, भिंतीकडे बघायची, चहा प्यायची आणि निघून जायची. झाला निकाल.

मला खामगावला दिलेली. माहेरी आता फक्त धाकटा भाऊ आणि त्याचा संसार. त्याचा फोन आला, "ताई, परवा मोजणीवाले येऊन राह्यले. तू ये. जुनं मानूस पाह्यजे सांगाले."

"काय सांगायचं?"

"शेजारची भिंत आपली आहे म्हनून. देवळी आहे ना आपल्याकून. भिंत पाडतो अन् सिमेटाचा सिलाब टाकतो. किती वर्सं धाब्याची माती अंगावर घेऊ?"

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. पण ती देवळी कोणा पूर्वजानं केलेली नव्हती. ती मी केली होती.

नऊ वर्षांची होते. घरात माझं म्हणून काहीच नव्हतं. पेटी आजीची, फळी आईची, खुंटी बाबांची. मला सागरगोटे ठेवायला जागा हवी होती. दुपारी सगळे वावरात गेले की मी खुरप्यानं आणि एका जुन्या सळईनं ती भिंत कोरत बसायची. चार दिवसांनी बाबांच्या लक्षात आलं. दोन थोबाडीत बसल्या. पण भोक वाईट दिसतं म्हणून त्यांनीच मग त्याला छान कमान काढली, गिलावा केला, पांढरी माती फासली. भाऊ तेव्हा चार वर्षांचा. त्याच्या लेखी देवळी आधीपासूनच तिथं होती. बाबा गेले, आई गेली. आता हे फक्त मला माहीत होतं, असं मी समजत होते.

भिंतीपलीकडे काकू राहतात. सख्ख्या नाहीत, पण लहानपणापासून काकूच म्हणत आले. काकांना लकवा झालाय, त्यांची खाट त्याच भिंतीला लागून. भिंत पाडली की काकूंच्या धाब्याची लाकडं अधांतरी. म्हणजे घरच गेलं. नवं बांधायची त्यांची ऐपत नाही, आणि लेकरूबाळही नाही.

एसटीत मला आधी भावाचा राग आला. मग स्वतःचाच आला, कारण भाऊ काही चोर नव्हता. आई दोन वर्षं अंथरुणावर होती, तेव्हा तिचं सगळं त्यानं आणि भावजयीनं काढलं. मी काय केलं? महिन्यातून एकदा संत्री घेऊन यायची आणि पायाशी बसून रडायची. आता त्यानं पहिल्यांदा काही मागितलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं, एवढंच.

सकाळी मोजणीवाले साहेब आले. पुण्याकडचे होते, मऊ बोलायचे. पंच म्हणून गल्लीतले बांगड्यांचे चाचा, आता काठी घेऊन चालणारे. भाऊ सगळ्यांना आत घेऊन आला आणि देवळीवर हात ठेवून उभा राहिला.

"कोनाड्यावरून मालकी?" साहेब हसले. "कागद नाहीच का काही?"

"साहब, इथं देवळी म्हनजेच कागद," चाचा म्हणाले. "माह्या बापाच्या जमान्यापासून हाच कायदा. उधर देवळी नाही, इधर आहे. भिंत यांची."

साहेबांनी काकूंना बोलावलं. त्या पदर सावरत उंबऱ्यात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. साहेबांनी विचारलं, "तुमची काही हरकत?"

माझे कान तिकडेच लागले होते. मनात म्हटलं, बोला काकू, भांडा, शिव्या द्या, म्हणजे मला बोलावं लागणार नाही. काकू देवळीकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं.

"देवळी तिकून आहे," त्या म्हणाल्या. "मंग भिंत त्याईचीच."

भावानं श्वास सोडला. मला तर काकूंचाच संताप आला. अशी कशी ही बाई? स्वतःचं छप्पर असं उचलून देते?

साहेब लिहायला वाकले. मग सहज म्हणून मला विचारलं, "ताई, तुम्ही मोठ्या. हा कोनाडा पहिल्यापासूनचाच ना?"

भावानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत संशय नव्हता, विश्वास होता, आणि तोच मला सोसवेना. साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं.

"नाही," मी म्हटलं. "मी कोरला. लहानपणी. सागरगोट्यांसाठी. बाबांनी नंतर गिलावा केला. त्याच्याआधी भिंत कोरी होती."

चाचांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मंग सामाईक," ते हळूच म्हणाले. "लिखो साहब. सामाईक."

भाऊ ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "सांगतलं असतं ना मले फोनवरच. बोलावलं नसतं." आणि आतल्या खोलीत गेला. भावजयीनं माझ्या हातातला चहाचा कप घेतला, अर्धा भरलेला होता तरी.

मी काकूंकडे गेले. काका डोळे मिटून पडले होते. काकू त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. मी तडकून म्हटलं, "काऊन हो म्हटलं तुम्ही? एक शब्द बोलता येत नव्हता?"

"काय बोलू? तुह्यी सळई आरपार निंघाली होती पोरी. माह्या पिठाच्या डब्यावर माती पडली. मी नवी नवरी, आल्याले वर्स नव्हतं झालं. तुह्या बापाले सांगतलं असतं तर त्यानं तुले आनखी बदडलं असतं. रातोरात भोक बुजवलं अन् वरून सारवलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग आज का नाही सांगितलं?"

"मी सांगतलं असतं तर साहेबानं तुलेच इचारलं असतं," काकू म्हणाल्या. "मंग भावाच्या तोंडावर तुले बोला लागलं असतं. आमचं काय, दोन मानसं, कुठंही एक खोली पाहिली असती. तुह्यं माहेर कुठून आनलं असतं मी?"

ज्या गोष्टीसाठी मी दोन दिवस स्वतःशी झगडले, ती या बाईनं उंबऱ्यात उभ्याउभ्या ठरवून टाकली होती, तीही माझ्या बाजूनं. आणि मी ते मोडून ठेवलं. खोटं सांगायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही. पण मला रडू आलं, ते आवरलं नाही.

बऱ्याच वेळानं बाहेर आले. आमच्या पायरीवर माझी पिशवी ठेवलेली होती, घडी केलेली साडी वर, व्यवस्थित. दार लोटलेलं होतं. आतून कडी लावलीय का, ते मी बघितलं नाही. पिशवी उचलली आणि स्टँडकडे चालायला लागले.