कोण म्हणालं, "कुठे चाललात?"

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी वाचून हसणाऱ्यांतली. या ग्रुपवरच्या गूढ अनुभवांखाली 'पित्त झालं असेल' अशी कमेंट टाकणारी मीच. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय... पण लिहिते.

आम्ही आखातात, अल ऐनला राहतो. एका व्हिलाच्या तळमजल्याचा अर्धा भाग – पुढे हॉल, मधे लांबट पॅसेज, मागे किचन. मी, नवरा प्रशांत आणि नऊ वर्षांची इरा.

फेब्रुवारीतली गोष्ट. वादळाचा इशारा आदल्या दिवशीच मोबाईलवर आला होता, म्हणून शाळा ऑनलाईन आणि ऑफिस घरून. सकाळी दहाच्या सुमाराला आभाळ इतकं काळवंडलं की दिवे लावले, आणि पाचच मिनिटांत वीज गेली. मग वारा सुटला. किचनच्या मागच्या दाराखालून पाणी आत यायला लागलं, कारण इथल्या घरांना पावसाची सवयच नाही. मी जुने टॉवेल, पायपुसणी, हाताला लागेल ते दाराखाली कोंबत बसले. आणि मग गारा. अक्षरशः लिंबाएवढ्या!

प्रशांतला सगळ्यात आधी आठवली गाडी. तीन महिन्यांपूर्वीच घेतलेली, अंगणात कापडी शेडखाली उभी. शेडचं कापड फाटून लोंबत होतं.

"काच फुटेल गं! वरून काहीतरी टाकून येतो," तो हॉलमधून ओरडला.

"माझ्या आईच्या गोधड्या नेऊ नकोस!" मी किचनमधून ओरडले. अर्थात त्याने त्याच नेल्या.

मिनिटभरात स्वारी किचनच्या दारात. काखेत गोधड्या, चेहरा लालबुंद.

"कुठे म्हणून विचारायची काय गरज होती? सांगितलं होतं ना गाडी झाकायला जातोय!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारलं की काम फिसकटतं, असं माझ्या सासरी पक्कं आहे. विचारायचंच तर 'लांब निघालात का' म्हणायचं. कोणी टोकलंच, तर परत आत यायचं, जरा टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं. प्रशांत इंजिनीअर आहे, बाकी काही म्हणजे काही मानत नाही, पण हे एवढं इमानेइतबारे पाळतो.

"मी कशाला विचारू? मी इथे पाणी अडवतेय, दिसत नाही?"

"तूच विचारलंस. पॅसेजमध्ये, मागून, स्पष्ट. कुठे चाललात?"

"चाललात? मी तुला कधी अहो-जाहो केलंय रे?"

कॉलेजपासूनचं आमचं, लग्नाच्या मांडवातही मी त्याला 'अरे'च म्हणत होते.

"जाऊ दे, पाणी दे," म्हणत तो वैतागून स्टुलावर बसला. मी ग्लास भरून दिला आणि पुन्हा गोधड्यांवरून सुरू झाले. तेवढ्यात पुढून असा आवाज आला की भिंती हादरल्या.

इरा किंचाळत धावत आली. "मम्मा, द होल थिंग फेल डाऊन!"

शेड कोसळली होती, लोखंडी खांबांसकट. एक खांब गाडीच्या बॉनेटमध्ये घुसला होता. काच झाकायला जिथे ओणवं व्हावं लागलं असतं, नेमकं तिथेच.

प्रशांत दारातून बघत होता, हातात अजून पाण्याचा ग्लास. मी मागून त्याचा शर्ट मुठीत धरला होता आणि सोडतच नव्हते. गाडीचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही. इतकं हलकं मला बाळंतपणातून सुटल्यावरही वाटलं नव्हतं. हसू आणि रडू एकदमच आलं.

मग इराला विचारलं, "बाबाला तू हाक मारलीस का गं?" ती पॅसेजच्या तोंडाशीच बसली होती.

"नो मम्मा. समवन आस्क्ड हिम व्हेअर ही वॉज गोइंग. आय थॉट इट वॉज यू."

"मराठीत की इंग्लिशमध्ये?"

तिने खांदे उडवले. "आय डोन्ट नो. आय जस्ट अंडरस्टूड."

सगळा विचार करून झालाय, मंडळी. वायफाय बंद होतं, त्यामुळे तिच्या क्लासमधला आवाज नाही. व्हिलाच्या दुसऱ्या भागात सीरियन कुटुंब आहे, त्यांना मराठीचा गंध नाही. सासूबाई चिपळूणला ठणठणीत आहेत, तेव्हा तोही अंदाज नको. वारा म्हणाल, तर वारा आदरार्थी बहुवचन कधीपासून बोलायला लागला?

फक्त एक सांगते, जे प्रशांतलाही सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी पाऊस थांबल्यावर ते दोघं अंगणात गारा गोळा करत होते. मी पॅसेजमध्ये एकटीच उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "कुठेही गेले नाहीत हो. इथेच आहेत ते."

आयुष्यात पहिल्यांदाच मी नवऱ्याला अहो-जाहो केलं.