एका दमातले चरित्र

गाडीला अजून बराच अवकाश होता, तरी माझी आई फलाटावर बसायला तयार नव्हती. "मी बसनू अन् गाडी निंघी गई ते?" असे म्हणत ती माझ्या ट्रंकेशेजारी उभीच राहिली. वडील स्टेशनाबाहेर बैलांना पाणी दाखवून आले आणि माझ्या टोपीवरची धूळ झटकू लागले. मी तेरा वर्षांचा होतो. आमच्या नंदुरबारच्या शाळेत इंग्रजी तिसरीपुढे वर्ग नव्हते. सुरतेच्या एका बोर्डिंगात मला फुकट जागा मिळाली होती, आणि आमच्या गावातून इतक्या लांब शिकायला जाणारा मी पहिलाच.

तेवढ्यात डोक्यावर गादीची वळकटी घेऊन यासीन आला. पिंजारी गल्लीतला माझा वर्गमित्र. वळकटी माझ्या पायाशी टाकून म्हणाला, "मायनी पिंजी दिधी शे. कापूस नवा शे. सुरतमा ढेकूण व्हतीन ते मी जबाबदार नही."

आई हसली, वडीलही हसले. मला हसू आले नाही. ज्या जागेवर मी चाललो होतो ती यासीनची होती, आणि हे त्या फलाटावर फक्त त्याला आणि मला ठाऊक होते.

हे मी नंदुरबारला राहिलेल्या तुमच्यासाठी लिहितो आहे, आणि पुढेमागे त्याच गाडीने सुरतेला आलेल्यांसाठीही. तुम्ही अनेकांनी मला सभांतून आदर्श विद्यार्थी म्हणून पुढे बसवले आहे. म्हणून तरी हे तुम्हांला माझ्याकडूनच कळावे.

आमचे इंग्रजीचे मास्तर विक्षिप्त होते. पोरे इंग्रजी वाचताना अडखळतात आणि हुतूतू खेळताना मात्र जीव तोडून ओरडतात, हे पाहून त्यांनी दोन्ही एकत्र केले. समोरच्या गटात शिरणाऱ्या गड्याने 'हुतूतू' म्हणायचे नाही. एखाद्या थोर माणसाचे चरित्र इंग्रजीत, स्वतः रचून, एका दमात म्हणायचे. दम तुटला की बाद, इंग्रजी चुकले तरी बाद. शाळेमागच्या पटांगणाला लागूनच व्यापाऱ्यांची मिरची वाळत पडलेली असे. खोल श्वास घेतला की ठसका ठरलेला. त्यामुळे आमची चरित्रे फार आखूड असत. बहुतेक राजे जन्मत, एक लढाई जिंकत आणि मध्यरेषा गाठण्यापूर्वी मरत.

मीही एका राजाचेच चरित्र रचले होते. यासीनने रचले आपल्या आईचे. मास्तर आधी चमकले, मग म्हणाले, "थोर माणूस घरात सापडला तर बाहेर कशाला जायचे?" ते चरित्र मला आजही पाठ आहे. 'माझे वडील वारले. त्यांचे पिंजण, कापूस पिंजायचे धनुष्य, भिंतीवर टांगलेले होते. आमच्या गल्लीत कोणत्याही बाईने पिंजणाला हात लावला नव्हता. माझ्या आईने ते खाली काढले. आज अर्धे गाव माझ्या आईच्या कामावर झोपते.' इंग्रजीत हे फार साधे आणि फार सुंदर होते. त्यांच्या ओट्यावर बसून आम्ही आठ दिवस एकमेकांचे दम मोजले. त्याला माझा राजा पाठ झाला, मला त्याची आई.

त्या आठवड्यात सुरतेचे एक निवृत्त मुन्सफ आले. त्यांच्या बोर्डिंगसाठी त्यांना एकच मुलगा निवडायचा होता, इंग्रजीत आणि खेळात दोन्हींत तरबेज असा. शेवटी यासीन आणि मी दोघेच उरलो. नेमका त्या दिवशी मास्तरांना हिवताप भरला होता, म्हणून खेळ ड्रिलमास्तरांनी घेतला. त्यांना इंग्रजीचे अक्षर येत नव्हते. पहिला दम माझा होता. मी रेषेवर उभा राहिलो आणि मुन्सफसाहेब रुमालाने नाक पुसत शेजाऱ्याला म्हणाले, "सकाळपासून राजेच ऐकतो आहे. या पोरांना दुसरे कोणी माहीत नाही का?"

मी श्वास घेतला. तोंडातून निघाले, "माय मदर..."

नकळत झाले असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. पहिले दोन शब्द कदाचित नकळत आले असतील. पुढचे सगळे मी जाणूनबुजून म्हटले, दोन गडी बाद केले आणि परत आलो. मुन्सफसाहेब उठून उभे राहिले. "एकटी बाई आणि पिंजण धरते!" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वडील कधी गेले, बाळ?" मी त्यांनाच ऐकू जाईल असे म्हटले, "दोन वर्षे झाली." त्या वेळी माझे वडील शेतात होते.

मग यासीनची पाळी आली. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले, दम घेतला आणि नुसते 'हुतूतू हुतूतू' म्हणत शिरला. तीन गडी मारून आला. पण त्यात इंग्रजी नव्हते.

मास्तर तापातून उठल्यावर मला म्हणाले, "तुझा राजा साहेबांना फार आवडला म्हणे." मी होकाराची मान हलवली.

सुरतेत सहा वर्षे मी चाचीने, म्हणजे यासीनच्या आईने, पिंजलेल्या त्या गादीवर झोपलो. मुन्सफसाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला मला दाखवत, "आ छोकरानी बा पिंजणकाम करे छे." बा म्हणजे आई. मी घरी लिहिले की बोर्डिंगात आईवडिलांना येऊ देत नाहीत. आईने निरोप पाठवला, "नही ते नही. तू जेवस ना बरोबर?" पाचव्या वर्षी वडील खरोखर वारले. मी गावी जाऊन डोके भादरून आलो आणि सुरतेत सांगितले, चुलते गेले. ज्यांच्यासाठी रडायचे त्यांना मी आधीच मारून ठेवले होते. ती रात्र कशी गेली ते लिहिणार नाही.

पुढे त्याच संस्थेच्या शाळेत मी इंग्रजीचा मास्तर झालो. लग्न झाले, मुले झाली. सकाळची भाकरी जाऊन भाखरी आली, चहात आले आणि फुदिना आला, मुले मला 'बापुजी' म्हणू लागली. हिशेब मी अजून अहिराणीतच करतो, रागावतो मात्र गुजरातीत. बायको दरवर्षी विचारी, "सासूबाईंना का आणत नाही?" मी म्हणे, "तिला इथली हवा मानवत नाही." आईने सुरतेची हवा कधी घेतलीच नव्हती. मुन्सफसाहेबांचे घर आमच्या रस्त्यावरच होते, आणि ते तिला पहिला प्रश्न पिंजणाचाच विचारतील हे मला माहीत होते.

गेल्या साली मुन्सफसाहेब वारले. त्यांच्या स्मरणार्थ, नव्याने इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी साध्या माणसांच्या चरित्रांचे एक लहान पुस्तक काढायचे ट्रस्टींनी ठरवले. पहिला पाठ माझ्या आईचा, माझ्या नावाने. छापखान्याचे कच्चे पान माझ्या हातात आले. खोटे बोललेले वाऱ्यावर जाते, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. आता ते मुले पाठ करणार होती, आणि शिकवणारा मी. पान खिशात घालून मी नंदुरबारची गाडी धरली.

यासीनचे आता गादीचे दुकान आहे. अंगभर कापूस, भुवयाही पांढऱ्या. खऱ्या की कापसाच्या, कळेना. गल्लीतल्या पोरांचा हुतूतूचा संघ तो अजून चालवतो. मला पाहून म्हणाला, "ये मास्तर. बठ. गादी फाटनी का?"

मी पान पुढे केले. त्याने सावकाश, बोट ठेवून वाचले.

"इंग्रजी चांगलं शे," तो म्हणाला. "मन्हंच शे ना."

मी जे म्हणायला आलो होतो ते म्हटले. कसेबसे. मग विचारले, "तू त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"काय बोलतू? ड्रिलमास्तरले इंग्रजी येत नव्हतं, अन् साहेबले मन्ही माय माहीत नव्हती." त्याने शेजारच्या पिंजणाची तांत बोटाने छेडली. "पहिलं वरीस तुन्हं नाव लेत लेत कापूस पिंजा, रघ्या. इतला बारीक, गिऱ्हाईक खूश."

"आणि मग?"

"मंग हात दुखाले लागना."

मी माफी मागू लागलो तेव्हा त्याने हात वर केला. "माले नको सांगू. चीज तिन्ही शे. आत बठेल शे, जाय."

चाची खाटेवर बसून सुपारी कातरत होती. दिसायला कमी झाले होते, ऐकू सगळे येत होते. मी तिला पाठ अहिराणीत सांगितला, आणि मी काय केले तेही सांगितले. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. मुलाने आपल्यावर लिहिले होते हेसुद्धा तिला आज कळत होते. अडकित्ता थांबला.

"यासीन! मन्हावर लिखं तू?"

"शाळाम्हा व्हतू तधळ," यासीन दारातून म्हणाला, चाळिशी ओलांडलेला माणूस लाजून.

"अन् खोटं लिखं," ती म्हणाली. "पिंजण मी इकाले काढेल व्हतं. गिऱ्हाईक उनाच नही. मंग काय करू, हातमा लिधं."

यासीन इतका हसला की कापूस उडाला. "मी ते तुले वाघीण बनाडी टाकं, माय."

मीही हसलो. मग ती माझ्याकडे वळली. "अन् तुन्ही माय? तिन्ही काय चूक व्हती?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरेच माहीत करून घ्यायचे होते. चोरी मी यासीनची केली असे समजून इतकी वर्षे झुरलो. आपल्या जिवंत आईला मी घराबाहेर ठेवले, हे कुणी विचारीपर्यंत मी अशा शब्दांत मनाशीसुद्धा म्हटले नव्हते.

"मन्हं नाव छाप," चाची पुन्हा सुपारी कातरत म्हणाली. "पण गिऱ्हाईक उना नही, तेबी लिख."

सुरतेला परतून मी ट्रस्टींच्या सभेत उभा राहिलो आणि सगळे सांगितले. नोकरीचा राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. सगळ्यांत वयस्कर ट्रस्टी चष्मा पुसत म्हणाले, "पाठ तो सारो छे, मास्तर. नाम बदली नाखो." पाठ चांगला आहे, नाव तेवढे बदला. आणि सभा पुढच्या विषयावर गेली. अठ्ठावीस वर्षे छातीवर बाळगलेली गोष्ट सात-आठ शब्दांत संपली. रस्त्यावर येऊन मी एका ओट्यावर बसलो. कितीतरी वेळ उठावेसेच वाटेना, इतके हलके वाटत होते.

पाठ छापला गेला. रचणाऱ्याच्या जागी यासीनचे नाव आहे, पाठात चाचीचे नाव आहे आणि न आलेले गिऱ्हाईकही आहे. वर्गात पोरे त्या ओळीला हटकून हसतात. यासीनची इंग्रजी चौथी मात्र मी परत देऊ शकत नाही. एकदा तसे म्हटले तर तो म्हणाला, "मी गयतू ते तुन्हासारखा मास्तर व्हतू, रोज पोरेसना वह्या तपासतू. वाचनू." हे तो माझ्यासाठी म्हणाला की स्वतःसाठी, मला ठाऊक नाही, आणि तो सांगणार नाही.

दिवाळीनंतर मी आईला घेऊन आलो. तिला सगळे सांगितले होते. ती म्हणाली, "तुन्हा बापले नही सांगो हाई." ते गेले त्याला तेवीस वर्षे झाली, पण मी कबूल झालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत वह्या तपासत होतो. शेजारच्या बेन ओट्यावर येऊन बसल्या आणि त्यांनी विचारले, "माजी, तमे गामडे शुं करो छो?" गावी काय करता? असल्याच प्रश्नाला मी इतकी वर्षे भीत आलो होतो. सवयीने मी अर्धा उठलोसुद्धा. बाहेर आई सांगत होती, "शेत शे, मिरची शे, भाऊबंदसना भांडणं शेतस. कोठून सांगू?" बेन हसल्या, म्हणाल्या, पहेलेथी, पहिल्यापासून. आईने सुरुवात केली. तिची अहिराणी आणि त्यांची गुजराती एकमेकींना नीट कळत होत्या.

मी परत खाली बसलो आणि पुढची वही उघडली. तुम्ही विचारता, आता घर कुठले मानतोस, नंदुरबार की सुरत? मला एवढेच सांगता येते: माझ्या आईला कोणी काही विचारले तर मला मध्ये पडावे लागत नाही, ते माझे घर.