उतरणीचे थेटर

मामा गेल्याचे सांगायला निपाणीहून मल्लाप्पा आला तेव्हा मी बेळगावच्या आमच्या शाळेत वर्गावर होतो. मल्लाप्पा म्हणजे निपाणीच्या आमच्या थेटरात पडदे ओढणारा माणूस. सर्व्हिस मोटारीच्या धुळीने माखलेला, मुंडासे काखेत धरून तो दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, शिद्राममामा गेलं वो." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, की "तू स्वतः बघितलंस?" मुले चमकून माझ्याकडे बघू लागली. मल्लाप्पाला मात्र त्यात काही वावगे वाटले नाही. "व्हय, हात लावून बघितलं," तो म्हणाला. "मला बी पयल्यांदा खरं वाटलं न्हवतं."

आम्हा दोघांना खरे वाटले नाही याला कारण होते. काही वर्षांपूर्वी मामांनी आपण तापाने अंथरुणाला खिळलो आहोत अशी आवई स्वतःच उठवली होती. घरात पांघरूण घेऊन पडून राहिले आणि समाचाराला कोण येतो, कशाला येतो, ते बघत बसले. नंतर मला म्हणाले, "आलं त्या समद्यांची नजर आदी खुंटीवरच्या किल्लीकडं गेली. मग माझ्याकडं. तू बी त्यातलाच." किल्ली थेटरची होती. आणि खरोखरच माझी नजर तिकडे गेली होती...

मामांना संशयी म्हणणाऱ्यांना त्यांची मूळ हकिगत ठाऊक नव्हती. तरुणपणी ते कोल्हापूरकडच्या एका नाटक कंपनीबरोबर हिंडत, रंगमंच उभारायचे काम करीत. धारवाडकडच्या एका गावी मुक्काम असताना कंपनीचे मालक नवे पडदे घेऊन येतो म्हणून आगगाडीत बसले ते परत आलेच नाहीत. राजा, राणी, विदूषक सगळे देवळाच्या प्रसादावर दिवस काढू लागले. अखेर मामा पायी निपाणीला आले. पुढे गावकीने वर्गणी आणि अंगमेहनत घालून थेटर उभे केले, तेव्हा ते सांभाळायला गावाने मामांनाच निवडले. एकदा पुरता फसलेला माणूस चांगली राखण करतो, असा गावाचा हिशेब असावा. तो चुकला नाही. पडदा वर जाण्यापूर्वी दोरी हाताने ओढून बघायची, गवयाचा घसा बसला म्हटले की त्याला दारामागे उभे राहून गुपचूप ऐकायचे, आणि दारावर प्रत्येकाच्या बिड्या काढून घ्यायच्या. कापडी पडदे, लाकडी तुळया; एक ठिणगी पुरे. पण तंबाखूवर जगणाऱ्या निपाणीत माणसाच्या खिशातून बिडी काढून घ्यायची म्हणजे काय, हे निपाणीकरालाच कळेल. दाराशी वेताची मोठी बुट्टी असे. तिच्यात बिड्यांचे कट्टे टाकायचे आणि खेळ सुटल्यावर आपापले शोधून घ्यायचे. त्यावरून रोज भांडण. वखारीत तंबाखूची पाने निवडणारी ताराक्का एकदा भर दारात म्हणाली, "शिद्रामा, आमच्या घरधन्याच्या बिड्या कमी कशा येत्यात रं? तुझं तोंड कोण हुंगणार?" मामांनी तिथल्या तिथे आ वासला. "हुंग! आन् मग तुझ्या मालकाचं बी हुंग!" सगळी रांग हसली. बिड्या तेवढ्या कमीच भरत राहिल्या.

मी कॉलेजातून बी. ए. होऊन परतलो तो मंदीच्या दिवसांत. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी हायस्कूलची पायरीही चढलेला नव्हता. माझी फी आणि वसतिगृहाचा खर्च गावातले तंबाखूचे व्यापारी भूपालशेठ यांनी केला होता. त्यांचे हे ऋण मी आजही डोक्यावर वागवतो, आणि या लेखात जे पुढे येणार आहे ते वाचताना वाचकांनी हे विसरू नये अशी माझी विनंती आहे. पदवी होती, नोकरी नव्हती. थेटरच्या पंचमंडळाने मला चिटणीस केले, कारण इंग्रजी अर्ज लिहिणारा दुसरा कुणी नव्हता. "बी. ए. झालाईस न्हवं," मामा म्हणाले, "मग ह्या कंपनीवाल्याचं पत्र वाच आन् सांग, त्यो खोटं कुटं बोलतोय."

तंबाखूला गिऱ्हाईक नव्हते, मालाची पोती पडून होती. वखारींना कुलपे लागली होती आणि पाने निवडणाऱ्या बाया, हमाल, गाडीवान दिवसभर ओट्यांवर बसून असत. मोठ्या शहरांत बोलपट आले होते. मराठी कंपन्या मोडत होत्या आणि कानडी कंपन्या निपाणीपर्यंत येईनाशा झाल्या होत्या. जी येई तिच्या खेळाला लोकांकडे तिकिटाचे पैसे नसत. मग मामांनी मापटेभर जोंधळ्यावर आत सोडायला सुरुवात केली. नट मंडळी भाकरी खाऊन खेळ करीत. मामा प्रत्येकाचा जोंधळा तळहातावर पसरून खडे बघत आणि मगच बाजूला होत. असे करून थेटर कसेबसे चालले होते, पण छप्पर मात्र जोंधळ्याने शाकारता येत नाही. कौले फुटली होती, वासे कुजले होते. आणखी एक पावसाळा गेला तर भिंतीही जातील हे सर्वांना दिसत होते.

अशा वेळी भूपालशेठनी निरोप धाडला की, संबंध थेटरावर मी नवे पत्रे घालून देतो. मी आनंदाने मंडळाच्या बैठकीत तो सांगितला. मामा भिंतीला टेकून बसले होते.

"अट काय हाय?" त्यांनी विचारले.

"काही अट नाही, मामा."

"मग ती सांगायची ऱ्हायलीया."

"प्रत्येक माणसात खोट काढायची म्हणजे..." मी जरा चिडून म्हणालो. "त्यांनी मला शिकवलं ते कुठल्या अटीवर?"

"ते बी अजून कळायचं हाय," मामा शांतपणे म्हणाले. "अट घातली असती तर निवांत निजलो असतो. बिनअटीचं लई भ्या वाटतंय मला. थेटर गावाच्या मधी, रस्त्याला लागून. भिंती दगडाच्या. वर पत्रा पडला, पाऊसकाळात हितं नाटक न्हाय काय न्हाय. मग शेठ म्हणणार, जरा चार पोती ठेवू द्या. आमी न्हाय कसं म्हणायचं? त्येंचंच छप्पर! चाराची चाळीस व्हत्यात. आन् दिवाळीला कंपनी आली की तिनं नाटक कुटं करायचं, पोत्यावर?"

मी म्हणालो, हा तुमच्या मनाचा खेळ आहे. बाकीचे पंचही तसेच म्हणाले. पण खरे सांगायचे तर त्या दिवसापासून शेठच्या घरी गेलो की ते कुठे बघतात, काय विचारतात, याकडे माझे नकळत लक्ष जाऊ लागले. ज्यांच्या घरचे अन्न खाल्ले त्यांच्याकडे असे बघणे मला बरे वाटत नसे. शेठ एकदा सहज म्हणाले, "तुमचं थेटर लांबीला किती असंल रं?" पत्र्यासाठी विचारले असतील. पण मला रात्रभर ते पुरले.

चार दिवसांनी मामांनी सर्वांना चकित केले. "घ्या पत्रं," ते म्हणाले. पत्रे आले, चढले, ठोकले गेले. आणि कामगार गेल्याच्या दुसऱ्या सकाळी मामा कुदळ घेऊन थेटरात उतरले. दाराकडची जमीन होती तशी ठेवायची आणि रंगमंचाकडे उकरत उकरत खोल न्यायची, असे त्यांनी दोरी लावून आखले होते. वखारी बंद पडलेले हमाल आणि बाया हाकेसरशी आल्या. मजुरी म्हणजे त्या हंगामातले सगळे खेळ फुकट. पाट्या भरभरून माती बाहेर गेली. कुणी विचारले तर मामांचे उत्तर ठरलेले, "मागं बसणाऱ्या बायांस्नी दिसत न्हाय."

हे खरे होते. बायकांची जागा अगदी मागे, दाराच्या बाजूला होती. पण बाया पहिल्या दिवसापासून तिथेच बसत होत्या, मग त्यांची आठवण आत्ताच कशी झाली? मी मामांना एकट्याला गाठून विचारले. त्यांनी कुदळ टेकवली, इकडे तिकडे बघितले आणि म्हणाले, "उतरणीवर पोत्यांची थप्पी लावून दाखीव. लागली तर मी मिशा काढतो."

"शेठना कळलं तर काय वाटेल?"

"बायांस्नी दिसावं म्हणून केलं. त्येंस्नी का वाईट वाटंल?" असे म्हणून ते माझ्याकडे रोखून बघू लागले. मी हे शेठना जाऊन सांगतो की काय, याची ती परीक्षा होती. मी सांगितले नाही.

शेठ बघायला आले. दारातच थांबून त्यांनी रंगमंचापर्यंत उतरत गेलेली ती जमीन न्याहाळली. मी त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसते का ते बघत होतो, मामा शेठकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होते. "लई चांगलं केलंसा, शिद्रामआप्पा," शेठ म्हणाले. "आता मागनं बी दिसंल." एवढेच. त्या पावसाळ्यात त्यांनी जवळच्या कोगनोळीकडे पोत्यांसाठी एक जागा भाड्याने घेतली. मामा मला कोपराने ढोसून म्हणाले, "बघितलंस?" मी म्हणालो, व्यापाऱ्याला जागा लागतेच. दोघांपैकी कुणाचेच समाधान झाले नाही.

दिवाळीनंतर पहिला खेळ झाला तेव्हा मी मुद्दाम मागे उभा होतो. पडदा वर गेला आणि बायकांच्या बाजूने एक चीत्कार उठला. ताराक्का शेजारणीला सांगत होती, "अगं बया, राजाला पाय हाईत! इतकी वरसं आमी निस्ती पागोटीच बघितली." मामा माझ्या शेजारी होते. त्यांनी चेहरा दुसरीकडे वळवला. बायकांचे ते कारण पुढे करता करता त्यांना स्वतःलाच कधीतरी पटले असावे, हे मला तेव्हा प्रथम जाणवले. त्या उतरणीचा त्रासही पुष्कळ झाला. वळवाच्या पावसात दारातून शिरलेले पाणी थेट रंगमंचापुढे साचे, म्हातारी माणसे घसरत. पण मंदीच्या त्या वर्षांत गावातल्या कितीतरी रिकाम्या इमारतींत पोती शिरली आणि पुन्हा बाहेर निघाली नाहीत. आमच्या थेटरात नाटक होत राहिले.

मामांच्या शोकसभेला थेटर भरले होते. आलेल्या प्रत्येकाकडे मी बघत होतो, की हा का आला असेल, आता किल्ली कुणाला हवी आहे... सभा संपून माणसे पांगली तरी भूपालशेठ खाली पुढच्या रांगेत बसूनच होते. खूप थकले आहेत आता. मी जवळ गेलो.

"तुज्या मामानं मला एक गोष्ट कवाच इचारली न्हाय," ते म्हणाले.

"कोणती?"

"मला वखार पायजे व्हती का म्हणून."

मी धीर करून विचारले, "पाहिजे होती?"

"पत्रं दिलं तवा न्हवती. देवाशपथ न्हवती." ते हसू लागले. "त्यो जमीन उकराया लागला, तवा माझ्या ध्येनात आलं. आरं, हितं तर झकास वखार झाली असती की! लई हळहळलो बग."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. हे तेव्हाचे खरे होते, की इतक्या वर्षांत बेतून ठेवलेले, मला सांगता येत नाही. मामांना तरी सांगता आले असते का, कोण जाणे. शेठनी काठी टेकली, उठून दाराकडे बघितले आणि हात पुढे केला. "जरा धर रं मला. लई चढ ठेवलाय तुज्या मामानं."

मी त्यांचा हात खांद्यावर घेतला आणि आम्ही थांबत थांबत वर चढू लागलो.