मोटेत बसलेले दाजी

आमच्या दाजींइतकं पदार्थविज्ञान समजलेला आणि पदार्थविज्ञानातच पुन्हा पुन्हा नापास झालेला गृहस्थ निजामाच्या अख्ख्या राज्यात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. वालूरचे. घरची शेती थोरले भाऊ बघायचे आणि धाकट्यानं शिकावं म्हणून त्यांनी दाजींना हैदराबादला बी.एस्सी.ला धाडलं होतं. लग्नात मी चड्डीत उभा राहून दाजींचा कान पिळला होता. पुढं मॅट्रिक होऊन मी हैदराबादला गेलो तेव्हा दाजी शेवटच्या वर्षाला होते, आणि मी शेवटच्या वर्षाला पोचलो तेव्हाही दाजी शेवटच्या वर्षालाच होते. ज्याचा कान पिळला त्याच्याच शेजारी एका बाकावर बसायची पाळी माझ्यावर आली.

आमचं सगळं शिक्षण उर्दूतून. वेगाला रफ्तार म्हणायचं, वेग वाढण्याला इसरा म्हणायचं. मी हे सगळं पाढ्यांसारखं घोकून टाकलं होतं. दाजींना ते जमेना. प्रत्येक गणित आधी उर्दूतून मराठीत आणि मग मराठीतून वालुरात आणल्याशिवाय त्यांच्या गळी उतरत नसे, आणि पुस्तकातल्या बऱ्याच वस्तू वालुरात मिळत नसत. ‘गुळगुळीत जमिनीवर एक शिडी गुळगुळीत भिंतीला टेकवली आहे,’ इतकं वाचून झालं की दाजी पुस्तक मिटायचे.

“जमीन इतकी गुळगुळीत हाय, तर शिडी लावणारा हुबा कुटं ऱ्हायला?”

“दाजी, ते धरून चालायचं.”

“तू चाल. मी पडंल.”

मग वजन नसलेली दोरी यायची. वजनच नाही तर ती वळली कुणी आणि कशाची, इथून सुरुवात. आमचे शेरवानीतले वयस्कर प्रोफेसर दाजींवर माया करीत, पण तेही एकदा टेकीला आले. म्हणाले, “मियाँ, इम्तेहान में सोचा नहीं करते, लिखा करते हैं।” दाजींनी मान डोलावली आणि यावर महिनाभर विचार केला.

सुट्टीत गावी आले तरी दाजींच्या डोक्यातलं कॉलेज सुटत नसे. झरीला आमच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. दोन भटजींपैकी एक आला नाही, म्हणून अंतरपाटाचं एक टोक दाजींच्या हाती दिलं. दोरी दोन्हीकडून ओढली तर तिच्यातला ताण दुप्पट होतो की तेवढाच राहतो, या प्रश्नात ते तेव्हा अडकले होते. मंगलाष्टकं सुरू झाली आणि दाजींनी कापड हळूच ओढलं. पलीकडून भटजींनी ओढलं. दाजींनी आणखी जोर लावला. “गुरुजी, तुमी वढू नका, नुसतं धरा. मला बगायचंय,” दाजी म्हणाले. गुरुजी मंगलाष्टकाच्या मधेच “सोडा!” म्हणून ओरडले, दाजींनी आज्ञाधारकपणे सोडलं, आणि नवरानवरीची दृष्टादृष्ट मुहूर्ताच्या बरीच आधी झाली. त्यांचा संसार सुखाचा झाला, हे इथंच सांगून टाकतो.

हसू येतं खरं, पण अक्काला ते परवडणारं नव्हतं. परभणीच्या हायस्कुलात सायन्सच्या मास्तरांची जागा रिकामी होती आणि हेडमास्तर ओळखीचे होते. बी.एस्सी. झालात की या, असं त्यांनी दाजींना सांगून ठेवलं होतं. अक्काचा जीव त्या जागेवर टांगलेला. वालूरच्या भरल्या घरात जावांच्या हाताखाली तिची हाडं झिजत होती. तिला परभणीत दोन खोल्या हव्या होत्या आणि आपली स्वतःची चूल. माहेरून आणलेली चहाची पितळी किटली तिनं फडक्यात बांधून पलंगाखाली ठेवली होती. ती परभणीतच काढायची, असं तिचं ठरलेलं. मला बाजूला घेऊन म्हणाली, “तू तरी सांग त्यांना. समजून घेऊ नका म्हनावं, पास व्हा.”

मी सांगितलं. दाजींना ते पटलंही. त्या वर्षी त्यांनी खरोखर मान खाली घालून घोकायला सुरुवात केली आणि परीक्षेच्या तोंडावर नेमकं लिफ्टचं गणित आडवं आलं. खाली येणाऱ्या लिफ्टमध्ये माणूस काट्यावर उभा आहे, काट्यावर वजन किती दिसेल? लिफ्ट आम्ही दोघांनीही पाहिली नव्हती. मी सूत्र पाठ केलं, ‘खाली जाताना कमी’, आणि पुढच्या पानावर गेलो. दाजी तडक वालूरला गेले. काय घोटाळा करतील या भीतीनं मीही मागोमाग गेलो.

त्यांनी सेलूच्या एका अडत्याकडून स्प्रिंगचा काटा मागून आणला होता. अक्काकडून गुळाची एक लहान ढेप घेतली, ती काट्याला टांगली, आणि काटा हातात धरून स्वतः विहिरीच्या मोटेत बसले. परीक्षेसाठी आहे म्हटल्यावर थोरले भाऊ बिचारे बैलांच्या कासऱ्याला उभे राहिले. त्या माणसानं भावाच्या परीक्षेसाठी काहीही केलं असतं. बैल मागं सरकू लागले, मोट खाली निघाली. आतून आवाज आला, “दादा, काटा हालंना! बैल पळवा!”

“आरं, बैल मागं पळत आसतो व्हय?”

पुन्हा वर, पुन्हा खाली. एकदा बैल बुजून एकदम मागं आले, मोटेला हिसका बसला, आणि विहिरीतून दाजींची आरोळी ऐकू आली. काटा वर, कमी वजनाकडं उडाला होता! आणि लगेच होता तिथं येऊन थांबला होता. मोट खाली जातच होती, तरी गूळ पुन्हा पहिल्याइतकाच भरत होता. “खाली जान्यानं काईच व्हत न्हाई रे,” दाजी कठड्याशी येऊन मला सांगू लागले, “वेग बदलतो तेवढ्यापुरतंच वजन बदलतं!” त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. आता मोट थांबताना काय होतं ते बघायचं म्हणून पुन्हा खाली गेले. पण बैल आवरले नाहीत, मोट धपकन पाण्यात पडली आणि गूळ विहिरीच्या तळाला गेला. थोरल्या भावांनी बैल सोडले. “ऱ्हायलेलं पुस्तकात बग,” म्हणाले.

परीक्षेत तोच प्रश्न आला. लिफ्ट खाली येत असताना वजन किती? मी ‘कमी’ लिहून सूत्र मांडलं आणि पुढचे प्रश्न सोडवले. दाजींनी मोट काढली, बैल काढले, ढेप काढली. लिफ्ट निघताना वजन कमी, मधल्या वाटेत तेवढंच, आणि प्रश्नात नेमकी कुठली वेळ ते सांगितलेलं नाही, हे सविस्तर लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘थांबताना काय होते ते प्रत्यक्ष पाहिलेले नाही, सबब लिहीत नाही.’ तेवढ्यात घंटा झाली.

दाजी नापास झाले, मी पास झालो. पुढं राज्यात धामधूम वाढली आणि त्यांचं शिक्षण राहिलं ते राहिलंच. परभणीची जागा मला मिळाली. माझं बिऱ्हाड लावून द्यायला अक्का आली तेव्हा फडक्यातली किटली तिनंच माझ्या चुलीवर ठेवली. चहा गाळून पेला माझ्यापुढं ठेवला. मला मात्र तो चहा गेला नाही. दाजींचा मला भयंकर राग आला होता, आणि ते समोर आले की तो राग टिकत नसे, याचाही राग यायचा.

बऱ्याच वर्षांनी एका कचेरीत मी पहिल्यांदा लिफ्टमध्ये चढलो. खाली निघताना अंग क्षणभर हलकं झालं आणि मग सगळं शांत. वालूरला जाऊन दाजींना हे सांगितलं. ते अंथरुणाला खिळले होते, तरी उठून बसले. “आन् थांबताना?”

“तिकडं लक्ष गेलं नाही, दाजी.”

“तेच तर बगायचं ऱ्हायलंय. पुढच्या बारीला बग.”

पुढच्या खेपेला मी डोळे मिटून उभा राहिलो आणि नीट बघितलं. पण सांगायला गेलो तेव्हा दाजींचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. मग अक्काला सांगितलं. ती ओसरीवर तूर निवडत होती.

“थांबताना जड हुतं व्हय?” तिनं विचारलं.

“होय. क्षणभरच. मग पुन्हा होतं तसं.”

अक्कानं सूप खाली ठेवलं. “तू सांगून त्यांना पटलं नसतं,” ती म्हणाली. मग पदर झटकत म्हणाली, “मला घिऊन चल एकदा तिथं. गुळाची ढेप घेते संगं.”