मामांच्या खुंटीवरची कात्री

आमची कंपनी बंद पडली तेव्हा तिच्यातून दोनच गोष्टी माझ्या घरी आल्या. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेल्या जॅकेटांची चार पोती आणि शिंप्याची एक जड कात्री. कंपनी म्हणजे तरी काय, मी आणि माझी पुण्याची मैत्रीण. डोंगर चढणाऱ्यांसाठी देशी मेंढीच्या लोकरीची जॅकेटं करायची. रंग नाही, प्लास्टिक नाही, फाटलं तर शेतात पुरा, त्याची माती होईल. माहितीपत्रक मी लिहिलं होतं आणि ते फार सुंदर होतं. जॅकेटं तेवढी सुंदर नव्हती.

कापड विणायचे माझे मामा. आष्टीकडच्या एका खेड्यात त्यांचा माग आहे, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा. लोकर घरच्याच मेंढ्यांची, सूत मामी कातते. पहिलं घोंगडं माझ्या हातात देताना मामांनी त्याला हळदीचं बोट लावलं आणि म्हणाले, "याला कात्री तेवढी लावू नको बाई. आपल्यात घोंगड्याला कात्री लावत न्हाईत." मी मान डोलावली. त्याच आठवड्यात पुण्यात शिंप्यानं त्याचे अकरा तुकडे केले. न कापता जॅकेट होतं का कुठं, असं मी स्वतःलाच ठणकावून सांगितलं आणि मामांना काही कळवलं नाही. पुण्याहून आष्टीला कोण सांगायला जातंय!

जॅकेटांनी मात्र बरोबर सांगितलं. कापलेल्या कडांतून सूत सुटायला लागलं, बाह्या खांद्यापासून उसवल्या. पावसात तर ती इतकं पाणी प्यायची की एका गिऱ्हाइकानं लिहिलं, गड मी चढलो की जॅकेट, हेच कळलं नाही. वर्षभरात सगळं आटोपलं. मी अंबाजोगाईला शिवणकाम शिकवण्याची नोकरी धरली आणि पोती पलंगाखाली सारली.

मग एक दिवस मामीचा फोन आला. "त्ये मागावर बसंनात. तुझं काम थांबल्यापासनं खड्ड्यावर फळी टाकून ठिवलीया. म्हनत्यात, माल परत आला तवा माझ्याच विणीत खोट आसंल. लई मनाला लावून घेतलंय. ये आन् खरं काय ते सांग."

चाळीस वर्षं विणणारा माणूस माझ्या खोटेपणापायी स्वतःच्या हातांवर संशय घेत बसला होता. रविवारी एक पोतं घेऊन मी एसटीत बसले. पोत्याचं शिवलेलं तोंड उसवायला पिशवीत ती कात्री होतीच.

मामांनी एक जॅकेट मांडीवर घेतलं. शिवणीवरून बोट फिरवलं, बाही उलटी करून पाहिली. मी सगळं सांगितलं, पहिल्या घोंगड्यापासून. त्यांनी ऐकून घेतलं. जॅकेटाची नीट घडी घातली आणि मेंढ्यांकडे निघून गेले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मामीनं जॅकेट नाकाला लावलं. "ह्याला मेंढराचा वास कावून येत न्हाई?"

"गरम पाण्यात साबणानं धुतलं, मामी. मऊ व्हावं म्हणून."

"आन् खळ?"

"ती पण गेली."

मामी हसायला लागली ती भिंतीला टेकूनच बसली. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे, ती खळ ताण्याच्या उभ्या सुताला चोळायची. दोन दिवसांचं तिचं काम. "आगं, लोकरीचं तेल आन् ही खळ, ह्याच्यावरनंच तर पानी घसरतंय. तू नेमकं तेच धुतलंस?" कापडाच्या शास्त्रातली पदवी माझ्याकडे आहे, हे मी त्या वेळी काढलं नाही.

सकाळी बारीक पाऊस होता. मामा माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "मागावर बसतो. कात्री मला दे."

मी कात्री दिली. ती गोठ्याच्या खुंटीला अडकवून म्हणाले, "लोकरीला कात्री एकदाच लागती. मेंढराच्या अंगावर. मग न्हाई."

"पण मामा, बाह्या?"

त्यांनी आपलं घोंगडं घेतलं, आडवी घडी मारली, एक कोपरा दुमडून डोक्यावर ओढला. खोळ झाली. दुसरी माझ्या अंगावर घातली आणि मेंढ्या घेऊन माळावर निघाले, मी मागून. दोन तास पाऊस झाला. माझी पाठ कोरडी, केस कोरडे, हात मोकळे. माझ्या स्वतःच्या जॅकेटात मी कधी इतकी कोरडी राहिले नव्हते.

कंपनी पुन्हा उभी राहिली ती त्या खोळीवर. लहान, मोठं माप मागावरच ठरायचं. काठाला काठ लोकरीच्या दोऱ्यानं जोडायचा, गळ्याशी एक लाकडी गुंडी. मैत्रीण फोनवर म्हणाली, "अगं, हे तर घोंगडंच आहे." मी म्हटलं, "हो, आणि या वेळी ते घोंगडंच राहणार आहे." दोन दिवस रुसून ती परत आली. मेंढीचा वास येतो अशी एका गिऱ्हाइकाची पहिली तक्रार आली तेव्हा मामीनं उत्तर सांगितलं, "भिजला का, ते इचार आधी." तो भिजला नव्हता. त्यानं बायकोसाठी आणखी एक मागवली. जुनी जॅकेटं मामांनी थंडीत जन्मलेल्या कोकरांच्या पाठीवर बांधली, आमच्या कंपनीच्या नावाच्या पट्टीसकट. कोकरांकडून अजून एकही परत आलेलं नाही.

यंदा एका गिऱ्हाइकानं घाईनं कळवलं, परवा निघतोय, खोळ वीतभर कमी करून पाठवा. मी तेव्हा मामांकडेच होते, मामा माळावर गेले होते. मी खुंटीवरची कात्री काढली, कापड पसरलं, पातं काठाला टेकवलंसुद्धा. मग सगळं जागच्या जागी ठेवलं आणि त्याला पैसे परत पाठवते असं कळवलं. संध्याकाळी मामांना सांगितलं. कात्री हातात घेतली होती हेही सांगितलं. ते "बरं" म्हणाले. लहान खोळ त्यांनी तरीही विणायला घेतली, दुसऱ्या कुणाला तरी होईल म्हणून.

खुंटीवरच्या त्याच कात्रीनं मेंढ्यांची कातरणी संपली तेव्हा मामांनी ती धुतली, पात्यांना तेल लावलं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली. "घे. आता तुझ्यापाशी आसू दे."

मला रडू आवरेना. मामी म्हणाली, "आता काय झालं रडायला?" मी डोळे पुसले. उठले आणि कात्री परत त्याच खुंटीला अडकवली, पुढच्या कातरणीपर्यंत.